सतरंजीवर ओला दोर

आक्कांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. भांडण त्यांनी केले आणि मी ऐकले, असे म्हटले तर जास्त खरे होईल.

मी तेव्हा दिंडोरी तालुक्यातल्या एका वीज उपकेंद्रावर कनिष्ठ अभियंता म्हणून नुकताच रुजू झालो होतो. एके दिवशी सकाळी डोक्यावर पदर घेतलेल्या एक बाई आत आल्या. मी खुर्ची दाखवली, ती त्यांनी घेतली नाही. त्यांनी माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक आमचे विजेचे वेळापत्रक. दुसरे कालव्याच्या आवर्तनाचे, म्हणजे कालव्याचे पाणी कोणत्या गावाला कोणत्या दिवशी मिळणार याचे.

"साहेब, पाणी येतं सोमवारी," त्या म्हणाल्या, "आन तुमची दिवसाची लाईट येती गुरुवारी. मधले तीन दिवस मी पाणी काय तोंडानं वढू?"

मी नवा होतो, तरी सरकारी उत्तर पाठ होते. म्हणालो, "कालव्याचं आमच्याकडे नसतं, बाई. ते पाटबंधाऱ्याचं ऑफिस वेगळं."

"कुठशी हाय ते?"

मी खिडकीतून बोट दाखवले. ते ऑफिस आमच्या ऑफिसच्या भिंतीला भिंत लावून होते. त्यांच्याकडच्या चहाचा वास आमच्याकडे यायचा. पण आमचे पत्र त्यांना जायचे ते नाशिकला वळसा घालून, आणि त्यांचे उत्तर यायचे तेही त्याच वाटेने. बाईंनी एकदा खिडकीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मंग चला की. उनबी नाय लागायचं."

मी गेलो. का गेलो ते मला आजही नीट सांगता येत नाही; बहुधा नाही म्हणायला तोंड राहिले नव्हते म्हणून. पलीकडचे साहेब मला पाहून उभेच राहिले. त्यांना वाटले, वीज तोडायला आलो. अर्ध्या तासात दोन्ही वेळापत्रके एकमेकांना जुळली. त्यातले थोडे माझ्या अधिकारात बसत होते, थोडे बसत नव्हते. निघताना बाई म्हणाल्या, "आता शेतीवाल्या साहेबास्नी बी बोलवा. रोप टाकायच्या आधी ठराया पायजे, नंतर ठरवून काय उपेग?" त्या बाई म्हणजे शिरसदऱ्याच्या द्वारकाबाई थेटे, साऱ्या पंचक्रोशीच्या आक्का. त्यांच्या वयाला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत, आणि त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहितो आहे.

खरे तर मी दोन महिने टोलवाटोलवी केली. संपादक मंडळींना वाटले, साहेब आळशी आहेत. आळस आहेच, पण कारण तेवढेच नाही. जे कारण आहे ते मी पुढे सांगणार आहे, आणि ते सांगता येईल की नाही याची खात्री नव्हती म्हणून हात चालत नव्हता. नोकरीत मी आयुष्यभर खुलासेच लिहिले. हा शेवटचा समजावा.

आक्कांचे शिक्षण सातवीपर्यंत. यजमान नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. पहाटे निघायचे, दिवेलागणीला परतायचे. घरी पगार यायचा, पण शेताला माणूस नव्हता. म्हणून शेत आक्कांकडे आले. त्यांच्या भाषेत सांगायचे तर "मालकाची ड्युटी तिकडं, माजी हिकडं." शिरसदरे हे कालव्याच्या अगदी शेवटाला. वरच्या गावांनी पाणी घेऊन उरले तर ते शिरसदऱ्याच्या चारीला, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या पोटकालव्याला. अशा गावात शेती करणाऱ्या माणसाला पाणी, वीज आणि पीक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत असे मानण्याची चैन परवडत नाही. ती चैन आम्हा खात्यांची. आक्का म्हणायच्या, "चुलीला तीन दगड. दोनावर तुमी भाकर भाजून दाखवा." यापलीकडे त्यांनी या विषयावर व्याख्यान दिल्याचे मला आठवत नाही. पुढे मोठमोठ्या हॉटेलांतल्या परिषदांत मी हीच गोष्ट पडद्यावर, बाणबिण काढून, रंगीत वर्तुळांत पाहिली. जेवण चांगले होते.

त्यांची खरी कामाची पद्धत म्हणजे गुरुवारची सतरंजी. ती ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. शिरसदऱ्यात शाळेजवळ एक जुनी गावविहीर आहे. तिच्यावर कोणाचीच मोटार नाही. आक्का म्हणतात, "तिला कोनी वढत नाय, म्हणून ती खरं बोलती." दर गुरुवारी सकाळी त्या विहिरीच्या ओट्यावर निळी सतरंजी अंथरतात. खुर्ची नाही. साहेब असो की सरपंच, मांडी घालायची. मग आक्का एक काथ्याचा दोर आणतात. दोराला हात-हात अंतरावर गाठी, टोकाला दगड. दोर विहिरीत तळापर्यंत सोडायचा, वर काढायचा आणि तसाच ओला सर्वांच्या मध्ये सतरंजीवर ठेवायचा. जेवढ्या गाठी ओल्या तेवढे पाणी. त्याआधी कोणी तोंड उघडले की आक्का हात वर करायच्या. "आधी दोर बघू. मंग बोलू."

आणि खरोखर, दोर समोर पडला की निम्मे भांडण आपोआप निवायचे. गाठी मोजता येतात, त्यावर वाद घालता येत नाही. एवढ्या गाठी असतील तर एवढा कांदा. त्याखाली गेल्या तर हरभरा, आणि उन्हाळी पीक कोणीच घ्यायचे नाही. कोणत्या डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, मोटारी कोणत्या वारी चालणार, तेही तिथेच ठरायचे. शेतीखात्याचे साहेब बियाणे सांगायचे, कालव्याचे साहेब पाणी सांगायचे, मी वीज सांगायचो. आणि सतरंजीवर ओलेपणाचा डाग तसाच राहायचा. आज त्या सतरंजीच्या मधोमध निळा रंग शिल्लक नाही.

हे वाचताना वाटेल, वा, काय सुरेख व्यवस्था! तर तसे नाही. ही व्यवस्था दर दोन-तीन वर्षांनी मोडायची, कारण साहेब बदलायचे. माझीही बदली व्हायची, पण जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, आणि जमेल तेव्हा मी गुरुवारी जायचो. नवे साहेब यायचे आणि म्हणायचे, हे आमच्याकडे नसते. मग आक्का पदर खोचून पहिल्यापासून सुरुवात करायच्या. तेच दोन कागद, तीच भिंत, तीच चूल. मी किती साहेबांसमोर ती चूल ऐकली ते मोजलेले नाही. एकदा मी वैतागून म्हणालो, "आक्का, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही?" त्या म्हणाल्या, "येतो ना. लय येतो. पन पोरीला भाकरी शिकवताना बी येतोच की." आणि पुन्हा नव्या साहेबांसाठी चहा टाकायला सांगितला.

कंटाळा लपवायचा नाही आणि कामही सोडायचे नाही, हे मी त्यांच्याकडून पाहिले. शिकलो असे म्हणवत नाही.

त्यांच्या मायेचा एक प्रसंग सांगायलाच हवा. माझी पत्नी आजारी होती आणि तिचे मोठे ऑपरेशन झाले होते. आम्ही तेव्हा नाशिकला इंदिरानगरमध्ये राहायला आलो होतो. आक्कांना कोणी कळवले कोण जाणे, पण तिसऱ्या दिवशी एसटीने, हातात मेथीच्या जुड्या आणि बाजरीचे पीठ घेऊन त्या दारात हजर. चार दिवस राहिल्या. पत्नीचे केस विंचरण्यापासून सगळे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो, तर त्या बाल्कनीतून आत आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "देवरे साहेब, तुमच्या डोक्यावर धरण फुटलंय आन तुमी पेपर वाचताय."

गच्चीवरची टाकी वाहत होती. ती रोजच वाहायची. वॉचमन खालची मोटार लावून दूध आणायला जायचा, आणि वरून धार सुरू झाली की लोक घड्याळ लावायचे, इतकी ती आमच्या सवयीची. मी वीज कंपनीचा अधिकारी, आणि माझ्याच इमारतीत रोज पाणीही वाया आणि वीजही वाया. आक्का चप्पल न घालताच तीन मजले उतरल्या, स्विच शोधला आणि बंद केला. मग सोसायटीच्या सेक्रेटरींना खाली बोलावून घेतले. ते बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या कपड्यांतले गृहस्थ. आक्का त्यांना काय म्हणाल्या ते मला ऐकू आले नाही, पण त्या दिवसापासून ती टाकी वाहिली नाही. पत्नी पुढे पुष्कळ दिवस सांगायची, ऑपरेशनपेक्षा त्या सेक्रेटरींचा चेहरा आठवून मी लवकर बरी झाले.

आता ते कारण.

निवृत्तीनंतरही मी शिरसदऱ्याला जात राहिलो. घरी करमत नव्हते, आणि तिथे कोणी अजून साहेब म्हणायचे. त्याच सुमारास सरकारी योजनेतून सौर पंप येऊ लागले. रात्री मोटार लावायला जायचे नाही, बिल नाही, डीपी जळण्याची भीती नाही. मी हरखून गेलो. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, तिचे उत्तर आकाशातून येत होते. मी घरोघर फिरलो. कोणाची जागा कुठे, पॅनेल कसे बसवायचे, कागद कोणते, सगळे मी समजावले. बहुतेक घरे तयार झाल्यावर मी आक्कांकडे गेलो.

त्या ओसरीवर लसूण सोलत होत्या. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "साहेब, मला येक सांगा. लाईट जाती म्हणून आमच्या मोटारी बंद व्हत्यात. सूर्य काय जायचा नाय. मंग बंद कोन करील?"

मी हसलो. म्हणालो, "आक्का, लोक शहाणे आहेत."

"लोक शहाणे हायेत, पन तीस वर्सं त्यास्नी येकच शिकवलंय तुमी. लाईट हाय तवर वढून घ्या. ते हाताला बसलंय. आधी पाळी ठरवू, पीक ठरवू, मंग पंप बसवू. वरीसभर थांबू."

"योजना वर्षभर थांबणार नाही," मी म्हणालो. "पंप बसू देत. पाळीचं नंतर बघू."

त्यांनी हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली. मग म्हणाल्या, "तुमी विजेचे. तुमाला म्हायती." आणि पुढच्या गुरुवारी सतरंजीवर त्यांनी स्वतः सांगितले की पंप घ्या. त्यांनी सांगितले म्हणून उरलेल्यांनीही घेतले. भिका पवार यांनीही त्यांच्या शब्दावरच घेतला. द्राक्षाचा चांगला बागायतदार, सहजासहजी कोणाचे न ऐकणारा माणूस.

पहिले वर्ष आनंदाचे गेले. माझे लोकांनी हार घालून स्वागत केले, फोटो काढले. दिवसभर पंप चालायचे. शेत भिजले तरी चालायचे. विचारले तर लोक म्हणायचे, "साहेब, ऊन वाया जातंय ना." जिथे हरभरा व्हायचा तिथे उन्हाळी कांदा आला, टोमॅटो आला. गुरुवारी दोराच्या गाठी कमी ओल्या दिसत होत्या, पण मी म्हणायचो, पावसाळ्यात भरेल. मी विजेचा माणूस. वीज वाचते का एवढेच मी पाहिले. दुसऱ्या वर्षी पावसाने दोन महिने तोंड दाखवले नाही, आणि आला तो उभ्या पिकावर, उशिरा, झोडपून. आणि त्यापुढच्या उन्हाळ्यात एका गुरुवारी दोर वर आला तो पूर्ण कोरडा. फक्त दगड ओला होता.

भिका पवारांनी एप्रिलची छाटणी केली होती. छाटणीनंतर द्राक्षाला पाणी लागतेच. त्यांच्या विहिरीने हात टेकले. टँकरने काही दिवस तगवली, पण बाग गेली. बारा वर्षांची बाग. त्या गुरुवारी ते सतरंजीवर बसले नाहीत, उभेच राहिले.

"मला येवढंच सांगा," ते म्हणाले, "कोनाच्या डोक्यातनं निघालं हे? पाळीबिळी न ठरवता पंप बसवा म्हणून कोन बोललं?"

मी आक्कांच्या शेजारीच बसलो होतो. सतरंजीला तिथे एक छोटे भोक होते, त्यात मी बोट घातले आणि ते मोठे करत राहिलो. एवढेच माझ्याकडून झाले.

आक्का म्हणाल्या, "मी बोलले. मीच सांगितलं सगळ्यास्नी."

हे खोटे नव्हते. सांगितले त्यांनीच होते. म्हणूनच मला गप्प राहणे सोपे गेले. भिका पवार त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "आक्का, तुमच्यावर इस्वास ठिवला व्हता." आणि निघून गेले. त्यानंतर त्यांनी आक्कांना रस्त्यात राम राम करणे सोडले. त्या दोघांची शेते बांधाला बांध लागून आहेत. आक्का रोज त्या तारांवरच्या वाळलेल्या वेलींवरून नजर फिरवत आपल्या शेतात जायच्या. मला मात्र त्यांनी कधी एक शब्दही विचारला नाही, तुम्ही का बोलला नाहीत म्हणून. विचारले असते तर मी सुटलो असतो.

नंतर त्यांनी जे उभे केले त्याबद्दल या ग्रंथात इतरांनी लिहिले असेलच. कोणत्या विहिरीवरचा पंप कोणत्या दिवशी, हे पुन्हा दोरावर ठरू लागले. "ऊन वाया जातंय म्हणता ना, मंग त्याला दुसरं काम द्या," असे म्हणून त्यांनी पंप बंद असेल त्या दिवशी त्याच पॅनेलवर पिठाची गिरणी आणि कडबाकुट्टी चालवायला लावली. जोडणीची खटपट मी केली. लोक म्हणाले, साहेब फुकट राबतात. मी फुकट राबत नव्हतो, हे मला माहीत होते आणि बहुधा आक्कांनाही.

पण हे सारे जिंकल्याच्या सुरात सांगण्याची माझी तयारी नाही. बसवलेली घडी दर वर्षी विस्कटते. पाऊस दिवाळीनंतरही रेंगाळतो आणि कांद्याचे रोप सडते. फेब्रुवारीतच वैशाखासारखे तापते आणि आधी ठरवलेल्या पाळ्या कोलमडतात. गारपीट येते ती एका शिवारात, दुसऱ्यात नाही, आणि मग ज्याचे गेले तो म्हणतो मला जास्त पाणी द्या, आणि त्याला नाही कोणत्या तोंडाने म्हणायचे? दोन-तीन जण पाळी नसताना पंप लावतात. सगळ्यांना ठाऊक आहे कोण ते. आक्का त्यांच्या बांधावर जाऊन उभ्या राहतात, काही बोलत नाहीत. ते पंप बंद करतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा लावतात. आम्ही सगळेच दमलो आहोत. मी दमलो आहे. कधीकधी वाटते, नदीत उभे राहून ओंजळीने पाणी अडवतो आहोत. आक्कांनाही तसे वाटते. गेल्या वर्षी पहिल्यांदाच त्या माझ्याजवळ म्हणाल्या, "दमले मी, साहेब."

त्यांचे गुडघे आता वाकत नाहीत. मुलगा नाशकात अंबडला कंपनीत आहे, तिथेच फ्लॅट आहे, सून चांगली आहे. ते दोघे चल म्हणतात. आक्का जात नाहीत, कारण दोर. विहिरीच्या कठड्यावर वाकून दोर सोडणे त्यांना जमत नाही, आणि दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावा तर गावात कोणी ना कोणी कोणाचा तरी भाऊबंद. आज अमक्याने दोर धरला तर उद्या तमका म्हणेल, गाठ चोरली. म्हणून त्यांनी तो मला घ्यायला सांगितले. "तुमी भायेरचे. तुमची हितं येक गुंठा जमीन नाय. तुमच्यावर समदे इस्वास ठिवत्यात."

मी म्हणालो, गुरुवारी मला जमेलच असे नाही. मग म्हणालो, कंबर दुखते. मग म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. दोन वर्षे मी त्यांना असे ताटकळत ठेवले. खरी गोष्ट अशी की जो दोर खरे बोलण्यासाठी आहे, तो मी कोणत्या हाताने धरणार होतो?

त्यातच या ग्रंथाचे निमंत्रण आले. मी दोनदा लेख लिहिला. दोन्ही वेळा तो चांगला झाला, म्हणजे त्यात सौर पंपाचा भाग एका ओळीत संपला होता. दोन्ही वेळा मी तो फाडला. तिसऱ्यांदा लिहिले ते तुम्ही आतापर्यंत वाचले ते. पण आक्कांना न विचारता हे छापायला देणे मला बरे वाटेना, आणि ज्यांना आधी कळायला हवे त्यांनी ते छापील पुस्तकात वाचावे हे तर त्याहून वाईट. म्हणून मागच्या गुरुवारी मी कागद घेऊन शिरसदऱ्याला गेलो.

सतरंजी अंथरली होती. बऱ्याच दिवसांनी माणसे पुष्कळ होती, कारण आवर्तनाची तारीख पुढे ढकलल्याची बातमी होती. भिका पवार पार कडेला, कठड्याला टेकून होते. आक्का खुर्चीवर होत्या. त्यांच्यासाठी म्हणून गावाने एवढी एकच खुर्ची चालवून घेतली आहे, आणि त्यांना ती आवडत नाही. मी म्हणालो, "आज दोराआधी मला बोलायचंय."

आक्कांनी सवयीने हात वर केला. माझ्याकडे पाहिले, आणि हात खाली घेतला.

मी वाचले. "पाळीचं नंतर बघू" हे वाक्य मी दोनदा वाचले, कारण पहिल्यांदा ते माझ्या तोंडातल्या तोंडातच राहिले होते. सतरंजीच्या भोकापर्यंत आलो तेव्हा दोघा-तिघांनी त्या भोकाकडे पाहिले. ते आता चांगले तळहाताएवढे आहे.

वाचून झाल्यावर मी कागदांची घडी घातली. मला वाटले होते, कोणी म्हणेल, जाऊ द्या साहेब, झालं गेलं. कोणी म्हणाले नाही, आणि ते योग्यच होते. मग भिका पवार कठड्यापासून निघाले. माझ्या समोरून, माझ्याकडे न पाहता, आक्कांच्या खुर्चीपाशी गेले.

"आक्का," ते म्हणाले, "इतकी वर्सं मी तुमाला राम राम केला नाय."

"म्हायती हाय मला," आक्का म्हणाल्या. "मी करत व्हते की. तुमी बघत नव्हता."

भिका पवारांनी खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. आक्कांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहिला. आक्कांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी पदराने नाक पुसले आणि माझ्याकडे वळून, एखाद्या कामचुकार नोकराला बोलावे तशा म्हणाल्या, "वाचून झालं ना? मंग दोर घ्या. ऊन चढतंय."

मी दोर घेतला. इतकी वर्षे तो पाहत होतो, पण हातात पहिल्यांदाच आला. वाटतो त्यापेक्षा जड आहे. मी तो सोडू लागलो, तर शेजारून भिका पवारांचा आवाज आला. "असा ढिला नका सोडू. दगड तळाला टेकला का नाय कसं कळंल तुमाला? वाका जरा." मी वाकलो. ते माझ्याशी याहून अधिक काही बोलले नाहीत, आणि बोलतील अशी माझी अपेक्षाही नाही. पण दोर वर येईपर्यंत ते माझ्या शेजारून हलले नाहीत.

चार गाठी ओल्या होत्या. या दिवसांत त्या निदान सहा असायला हव्यात. मी दोर सतरंजीवर ठेवला आणि मोठ्याने सांगितले, चार. नंतर नेहमीप्रमाणे भांडण सुरू झाले, आवर्तन कधी आणि कोणाची पाळी आधी. दुपारपर्यंत ते चालले आणि अर्धेच मिटले.

आक्का, तुम्हाला दीर्घायुष्य लाभो असे सगळेच म्हणतील, आणि मीही मनापासून म्हणतो. पण माझ्या म्हणण्यात माझा स्वार्थ आहे हे लपवत नाही. तुमच्या गुडघ्यांचे दुखणे कमी होवो. वाटले तर अंबडला जा, नातवंडांत रमा. तिथली टाकी वाहत असेल तर ती बंद करालच. पण गुरुवारी या. दोर आता मी सोडीन, वाकेनही. तुम्ही त्या नावडत्या खुर्चीवर बसून फक्त ऐका. मी गाठी मोजून सांगेन, आणि त्यात एकही कमी-जास्त सांगणार नाही. पुढची पुष्कळ वर्षे, दर गुरुवारी, मी खरे सांगतो की नाही हे ऐकायला तुम्ही समोर असा.